सात दिवसांची ट्रायल, आयुष्यभराचा हप्ता?

सेल लागला, की आपला मेंदू कॅज्युअल लीव्हवर जातो. दिवाळीत कपडे आणि फोन, आणि नोव्हेंबर संपता संपता ब्लॅक फ्रायडेच्या नावाने सॉफ्टवेअर! ‘एका क्लिकवर आकाश बदला’, ‘एआय तुमच्या फोटोंत जान आणेल’, ‘ऑफर फक्त आज रात्री बारापर्यंत’. चार मित्रांनी फोटोखाली ‘कडक!’ लिहिलेलं असतं, त्यामुळे आपल्यातला फोटोग्राफर आधीच हवेत असतो. बोट ‘बाय नाऊ’वर जातं. बॉस, दोन मिनिटं थांबा. हे सॉफ्टवेअर आवडलंय, की लागणार आहे?

गेले पंधरा दिवस माझी याच प्रश्नाशी झटापट चालू आहे. लेखांबरोबरचे फोटो बऱ्याचदा मीच देते, त्यामुळे एडिटिंग हा माझा टाइमपास नाही. आणि फ्रीलान्सरचा चेक कधी येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, त्यामुळे दर महिन्याला कापला जाणारा हप्ता हाही टाइमपास नाही.

आपल्या दादा-ताईंच्या पिढीला हे टेन्शनच नव्हतं. लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून सीडी आणायची, क्रॅक टाकायचा, विषय संपला. आज ज्या लॅपटॉपवर नेटबँकिंग आणि ऑफिसचं मेल चालतं, त्यावर कुठून तरी उतरवलेला क्रॅक चालवणं म्हणजे घराची किल्ली चोराच्या हातात देणं. चोरीचा माल हा मुद्दा तर आहेच. तो रस्ता बंद!

आता पहिला फंडा. आजकाल सॉफ्टवेअर ‘घेतो’ म्हणजे बहुतेक वेळा आपण ते भाड्याने घेतो. अडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं, की क्रिएटिव्ह सूटची यापुढची आवृत्ती येणार नाही, नवीन सगळं सबस्क्रिप्शनवर. लाइटरूम ६ हे २०१५ चं व्हर्जन एकदाच पैसे भरून मिळणारं शेवटचं ठरलं, आणि २०१७ च्या अखेरीस त्याचे अपडेटही थांबले. म्हणजे त्यानंतर आलेला नवा कॅमेरा घेतलात, तर त्याच्या रॉ फाइल्स त्यात थेट उघडत नाहीत. विकत घेतलेलंसुद्धा कायमचं नसतं, ते असं.

बरं, फुकट ते तरी टिकतं का? पिकासा आठवतंय? कितीतरी घरांतल्या कॉम्प्युटरवर असायचं. गुगलने २०१६ मध्ये ते बंद केलं. निक कलेक्शन नावाचे भारी फिल्टर्स गुगलने २०१६ मध्ये फुकट करून टाकले, २०१७ मध्ये डीएक्सओ कंपनीला विकले, आणि नव्या आवृत्तीला पुन्हा पैसे लागले. उलट अॅफिनिटी फोटो २०१५ मध्ये एकदाच पैसे भरून मिळायचं. २०२४ मध्ये कॅनव्हाने कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवं अॅफिनिटी चक्क फुकट केलं. एआयची टूल्स मात्र कॅनव्हाच्या पेड प्लॅनवरच. थोडक्यात, आजची किंमत बघून आयुष्यभराचा निर्णय घेऊ नका. किंमत बदलते, मालक बदलतो.

मग निर्णय घ्यायचा कसा? मी ट्रायलच्या आठवड्यात तीन गोष्टी केल्या.

एक, मोजणी. मागच्या वर्षीचं फोल्डर उघडलं आणि छापून आलेल्या फोटोंना नक्की काय केलं होतं ते बघितलं. दहातल्या आठ फोटोंना क्रॉप, तिरका फोटो सरळ करणं, थोडा उजेड, थोडा रंग, बस्स! एवढं काम फोनवरचं स्नॅपसीड फुकटात करतं. पाठीमागे आलेला अनोळखी माणूस पुसायचा असेल, तर गुगल फोटोजचं मॅजिक इरेझर २०२४ पासून सगळ्यांना मोफत आहे. रॉ फाइल्ससाठी डार्कटेबल आहे. लेअर्सवर काम करायचं, तर गिंप आहे. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली आणि फिल्टर लावल्यावर तो नंतर बदलण्याची सोयही मिळाली. हे दोन्ही शिकायला डोकं तापतं, खोटं नाही बोलणार. पण एक रविवार आणि दोन कप चहा दिले तर जमतं.

दोन, परीक्षा आपल्याच फोटोंवर. जाहिरातीतला सूर्यास्त कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सुंदरच दिसतो. मी माझे सगळ्यात वाईट फोटो काढले: विसर्जनाच्या रात्रीचे दाणेदार फोटो आणि आजीचा, तिच्या शेवटच्या दिवाळीतला, फक्त पणत्यांच्या उजेडातला. हा दुसरा फोटो मला मोठा करून भिंतीवर लावायचाय. एआयने दाणे क्षणात नाही, पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर काही मिनिटांत साफ केले. सॉलिड! मग झूम केलं. आजीच्या कपाळावरच्या सुरकुत्याही दाण्यांबरोबर गेल्या होत्या. ऐंशी वर्षांची आजी एकदम साठीची, गुळगुळीत. स्लायडर बराच खाली आणला तेव्हा कुठे ती परत आमची आजी झाली. म्हणजे टूल कामाचं आहे, पण कुठे थांबायचं ते आपणच ठरवायचं. आणि हो, असल्या एआयला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. सॉफ्टवेअरच्या पाठोपाठ लॅपटॉपचा खर्च आला, तर तोही हिशेबात धरा.

तीन, बाहेर पडायचं दार. पैसे भरणं थांबवलं तर माझ्या फोटोंचं काय? लाइटरूम क्लासिकमध्ये सबस्क्रिप्शन संपल्यावर फोटो दिसतात, एक्सपोर्टही करता येतात, पण जिथे खरं एडिटिंग होतं तो डेव्हलप विभाग बंद होतो. म्हणून कुठलंही पॅकेज सोडण्याआधी तयार फोटो फुल साइजमध्ये एक्सपोर्ट करा आणि मूळ फाइल्स स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा.

राहता राहिला पैसा. समजा महिन्याला ८०० रुपये. पिझ्झाएवढे वाटतात, पण वर्षाचे ९,६०० होतात, आणि दिसणाऱ्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का, तेही बघा. ‘वार्षिक प्लॅन, हप्ता मासिक’ याचा अर्थ नीट वाचा: मध्येच सोडलं तर दंड लागू शकतो. हाच दंड ग्राहकांपासून लपवल्याचा आरोप करत अमेरिकन सरकारने जून २०२४ मध्ये अडोबीवर खटला भरला होता. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो. तो ओटीपीच्या गर्दीत न वाचता डिलीट करू नका, प्लीज.

माझा एक मित्र लग्नाचे फोटो काढतो. एका लग्नाचे दोन-तीन हजार फोटो, आणि नवरीकडच्यांना अल्बम पंधरा दिवसांत हवा. त्याच्या दोन रात्री वाचल्या तर हप्ता पहिल्याच ऑर्डरमध्ये वसूल. त्याने डोळे मिटून घ्यावं.

मी? मी या वर्षी घेत नाहीये. रोजच्या कामाला डार्कटेबल, आणि आजीचा फोटो ट्रायलच्या सहाव्या दिवशी एक्सपोर्ट करून, सातव्या दिवशी प्लॅन रद्द! रात्रीच्या इव्हेंटची कामं महिन्याला तीन-चार यायला लागली, की पुन्हा हिशेब मांडेन. तुम्हीही ‘बाय नाऊ’ दाबण्याआधी मागच्या महिन्यात खरंच किती फोटो एडिट केलेत, ते मोजा. आकडा एका हाताच्या बोटांवर संपला, तर त्या पैशांत एखाद्या वीकएंडला कोकणात जाऊन या. एडिट करायला फोटो तरी मिळतील!