दोष मुलीचा नव्हे!

सोळा वर्षांच्या मुलीचा ठावठिकाणा कुणा अनोळखी माणसाच्या हाती लागला, की ‘फोटो टाकलेच कशाला?’ असा सवाल प्रथम तिलाच केला जातो. असा सवाल करणारे खऱ्या अपराध्यांना पाठीशी घालतात. गणवेशावरच्या बिल्ल्यावरून शाळा कळते, वाढदिवसाच्या शुभेच्छांवरून जन्मतारीख, उघड्या मित्रयादीतून नातलग. आणि पूर्ण नाव तर शिकवणी वर्गाचा मालकच गुणांसह चौकातल्या फलकावर छापून मोकळा होतो! अनोळखी माणूस हे तुकडे फक्त जोडतो. माणसांनी जितके उघडे करावे, तितका समाजमाध्यमांच्या मक्तेदार कंपन्यांचा जाहिरात-नफा फुगतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने दिला. त्यावर संसदेने कायदा केला तो २०२३ साली. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती हवी, असे तो म्हणतो. पण स्वतःचा फोन मुलीकडून चालवून घेणारा रात्रपाळीचा कामगार कसली संमती देणार? केंद्र सरकारने मात्र आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार त्याच कायद्यात राखून ठेवला आहे.

शाळांनी व वर्गांनी मुलांची नावे, फोटो, गुण जाहिरातीत लावणे तत्काळ बंद करावे, ही मागणी विद्यार्थी व पालक संघटनांनी शहरोशहरी लावून धरली पाहिजे.