विश्लेषण: पाच मिनिटांत मिळणारं कर्ज विद्यार्थ्यांना किती महाग पडतं?

मोबाइलवर ओटीपी टाकला की काही मिनिटांत खात्यात पैसे जमा. हॉस्टेलचं भाडं थकलेलं असो वा नवा फोन घ्यायचा असो, हातात उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्यांनाही हा मार्ग सोपा वाटतो. पण या कर्जाची खरी किंमत किती?

हिशेब काय सांगतो?

समजा, 30 दिवसांसाठी 10,000 रुपयांचं कर्ज घेतलं. व्याज महिना अडीच टक्के, म्हणजे 250 रुपये. प्रोसेसिंग फी 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 90 रुपये. फी आधीच कापली तर हातात येतात 9,410 आणि परत करायचे 10,250. महिन्याचा खर्च 840 रुपये. वर्षाच्या हिशेबाने हा दर 100 टक्क्यांच्या पुढे जातो. जाहिरातीत मात्र 'फक्त अडीच टक्के' एवढंच दिसतं.

नियम काय आहेत?

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि मे 2025 मध्ये ती एकत्रित केली. त्यानुसार करारापूर्वी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे. व्याज आणि शुल्क धरून होणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, त्यात लिहिलेला असतो. कर्ज घेतल्यावर विचार बदलला तर किमान एक दिवसाची मुदत मिळते. त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी मात्र कापली जाऊ शकते.

अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो किंवा कॉल लॉग पाहता येत नाहीत. वसुलीचे फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळेत करता येतात. बेकायदा अ‍ॅप नेमके हेच नियम मोडतात, म्हणून कर्ज घेण्याआधी ते अ‍ॅप रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरील यादीत आहे का, हे पाहावं.

हप्ता चुकला तर?

थकबाकीची नोंद सिबिलसारख्या संस्थांकडे जाते. 300 ते 900 मधला हा स्कोअर घसरला, तर पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज मिळणं अवघड होतं. म्हणजे विशीतल्या दोन-तीन हजारांची किंमत तिशीत मोजावी लागते.

सगळंच कर्ज वाईट का?

नाही. शैक्षणिक कर्जात साधारणपणे अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्ष हप्ते सुरू होत नाहीत. पण व्याज त्या काळातही चढत असतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. शक्य असेल त्यांनी शिकतानाच व्याज भरत राहिलं, तर पुढचा भार हलका होतो.

कॉलेजांनी काय करावं?

वर्षातून एखादं व्याख्यान ठेवून हे शिकवता येणार नाही. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक अहवाल मोफत मिळतो. तो काढायला लावणं, एपीआर हाताने मोजून घेणं, असे दोन तास प्रात्यक्षिकाचे हवेत. आणि तेही पहिल्याच सत्रात, कारण अ‍ॅप शेवटच्या वर्षाची वाट पाहत नाहीत.