काचेला भोक पाडण्याआधी

मैत्रिणींनो, इंदापूरला माझ्या नणंदेच्या दिवाणखान्यात तीन फुटी फिशटँक आहे. भाच्याची हौस, दुसरं काय! गेल्या उन्हाळ्यात त्यानं टाकीच्या मागच्या काचेला भोक पाडून घेतलं, खालच्या कपाटात दुसरी टाकी बसवली आणि मला बारामतीला फोन केला, "मामी, पाणी कसं आरशासारखं झालंय, बघायला या." मी जायच्या आतच एका रात्री वीज गेली. सकाळी नणंद उठली, तो पाय पाण्यात! विजेचा बोर्ड जमिनीवरच ठेवलेला, आणि पाणी त्याच्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबलेलं. "वहिनी, अजून अंगावर काटा येतो," ती म्हणते.

चूक भोकात नव्हती बरं का, हिशेबात होती.

या खालच्या टाकीलाही संपच म्हणतात, आपल्या अंगणातल्या पाण्याच्या संपासारखं. ओढ्यावरचा बंधारा भरला की जादा पाणी सांडव्यावरून जातं ना? तसं वरच्या टाकीतलं पाणी भोकावाटे संपात उतरतं, तिथं स्पंजातून गाळलं जातं आणि छोटा पंप ते परत वर चढवतो. पाणी स्वच्छ राहतं, गाळणी आणि हीटर नजरेआड राहतात. पण दोन फुटांची लहान टाकी असेल तर या खटाटोपात पडू नका. आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की झालं.

भोक पाडायचंच ठरलं, तर आधी काच ओळखा. टफन काचेला भोक पाडायला गेलं, की तिचा क्षणात चुरा होतो. मोबाइलचा पांढरा पडदा काचेमागे धरा, पोलराइज्ड गॉगल घाला आणि मान थोडी तिरकी करून पाहा. काचेत काळपट पट्टे किंवा डाग दिसले, तर ती काच टफन समजा आणि नाद सोडा. बऱ्याच टाक्यांचा तळ टफन आणि बाजू साध्या असतात, म्हणून प्रत्येक काच वेगळी तपासा.

पाइप बसवायचं फिटिंग आधी विकत आणा, मग भोकाचं माप ठरवा. एक इंची पाइपाला भोक इंचापेक्षा बरंच मोठं लागतं. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या रुंदीइतकं अंतर सोडा. मासे हलवून टाकी पूर्ण रिकामी करा. हिऱ्याच्या कणांचा गोल बिट आणि बॅटरीवर चालणारं ड्रिल वापरा, कारण बिटावर सतत पाण्याची धार लागते आणि तिथं विजेची वायर नको. वेग कमी, दाब त्याहून कमी, शेवटी तर हात अगदी हलका. डोळ्यांना चष्मा, पायांत चपला, मुलं दुसऱ्या खोलीत. हे जमणार नाही वाटलं, तर काचवाल्याकडे टाकी न्या. तो टेबलांच्या काचांना भोकं पाडतोच. फिटिंगचा रबरी वायसर टाकीच्या आतल्या बाजूला, कॉलरखाली बसवा आणि नट हातानंच आवळा. पान्यानं आवळलात तर काच तडकेल.

आता तो हिशेब. उजनीच्या पाण्यावर ज्यांच्या मोटारी आहेत त्यांना ठाऊक आहे, मोटार बंद पडली की पाइपातलं पाणी उलटं धावतं. इथंही तेच. टाकी 90 सेंटिमीटर लांब आणि 30 रुंद, म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरलं की 2.7 लिटर खाली येतं. भाच्यानं पंपाच्या पाइपाचं तोंड टाकीत 12 सेंटिमीटर बुडवलं होतं. वीज जाताच त्याच पाइपातून 32 लिटर पाणी उलटं आलं. संपात जागा होती 10 लिटरची. उरलेली दीड बादली फरशीवर!

म्हणून पाइपाचं तोंड पृष्ठभागाजवळ ठेवा. पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली बारीक छिद्र पाडा, म्हणजे पातळी उतरताच हवा शिरते आणि उलटी धार तुटते. बोअरच्या पाण्याचे क्षार साचून ते बुजतं, तेव्हा आठवड्याला सुईनं साफ करा. फूटव्हॉल्व्हसारख्या झडपेवर मात्र विसंबू नका, शेवाळ अडकलं की ती नीट मिटत नाही. विजेचा बोर्ड भिंतीवर उंच लावा, वायर त्याच्याखाली झोळ देऊन न्या, म्हणजे ओघळ बोर्डात न जाता झोळावरून खाली टपकेल. घरात ई.एल.सी.बी. असू द्याच.

आणि मासे सोडण्यापूर्वी पंपाचं बटण स्वतः बंद करा. पाणी उतरून कुठं थांबतं ते शांतपणे पाहा. वीज केव्हा जाईल ते आपल्या हाती नाही, पण ही परीक्षा आपल्या हाती आहे.

नणंदेनं आता संपावर नेलपॉलिशची लाल रेघ ओढली आहे. पंप चालू असताना पाणी त्या रेघेवर जाता कामा नये, वरची जागा वीज गेल्यावर उतरणाऱ्या पाण्यासाठी. भाचा हसतो. ती म्हणते, "हस बाबा, पण फरशी मला पुसावी लागते!"