उठा, आधी आपली मोटर ऐका!

दिल्लीकर मराठी बंधुभगिनींनो,

उन्हाळ्याच्या रात्री नोएडात किंवा इंदिरापुरममध्ये वीज जाते आणि मिनिटभरात सोसायटीच्या कोपऱ्यातला जनरेटर धडधडू लागतो. तुम्ही दिल्लीतल्या एखाद्या बिल्डर फ्लोरमध्ये राहत असाल, तर जनरेटरचा जाच कमी असेल. पण पहाटे नळाला पाणी आलं की खालच्या पार्किंगमध्ये ओळीने बसवलेल्या चार मजल्यांच्या चार मोटरी एकामागून एक किंचाळायला लागतात. मधल्या वेळात वरच्या मजल्यावरचा पत्र्याचा कूलर घरघरत असतो, शेजाऱ्याच्या एसीचं आउटडोअर युनिट तुमच्या खिडकीशी थरथरत असतं आणि सायलेन्सर बदललेल्या बुलेटवरून कुणीतरी गल्लीभर फटाके फोडत जातं. झोपेचं खोबरं होतं. मूल शाळेच्या बसमध्ये पेंगतं, आजोबा दिवसभर चिडचिड करतात आणि आपण दुसऱ्या कपभर चहावर ऑफिसची वाट धरतो.

यावर आपण काय करतो? बहुतेक जण मूग गिळून गप्प बसतात. ‘कौन पंगा ले?’ हे दिल्लीचं ब्रह्मवाक्य आपणही पाठ करून टाकलं आहे. त्यात आपण महाराष्ट्रातून आलेले, म्हणून ‘परमुलखात कशाला कुणाशी वाकडं घ्या’ ही आपली खास भर. असं महिनोन्‌महिने कुढत काढलं की एका रात्री तोल जातो. एक वाजता शेजाऱ्याचं दार बडवलं जातं, आतून ‘जानता नहीं मैं कौन हूँ?’ असा प्रश्न येतो आणि कूलरच्या पंख्यावरून निघालेली गोष्ट पोलीस चौकीत जाऊन थांबते.

गप्प बसणं आणि हमरीतुमरीवर येणं ही एकाच आळसाची दोन रूपं आहेत. वेळेवर, शांतपणे आणि नेमकं बोलण्याचे कष्ट दोन्हींत टाळलेले असतात. हा आळस झटकण्यासाठी हे आवाहन आहे. तक्रार करणं म्हणजे भांडण उकरून काढणं नव्हे, आणि तक्रार ऐकून घेणं म्हणजे नाक कापलं जाणं नव्हे. दोन्ही शेजारधर्माचीच कामं आहेत.

शांत झोप हा श्रीमंतांचा चोचला आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला १८ जुलै २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. त्या खटल्यामागची हकिकत अंगावर काटा आणते. जानेवारी १९९८ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली, की तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला आणि शेजारच्या लाउडस्पीकरच्या दणदणाटात तिच्या किंकाळ्या कुणालाही ऐकू गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतलं. अनिल मित्तल नावाचे एक इंजिनीअर ही बातमी वाचून न्यायालयात गेले. सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान यांनी निकालात स्पष्ट सांगितलं, की शांततेत जगणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि नको असलेला आवाज दुसऱ्याच्या कानांवर लादण्याचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली कुणालाही मागता येणार नाही. बातमी त्या दिवशी हजारोंनी वाचली असेल. पुढचं पाऊल एका माणसाने टाकलं आणि त्याचा फायदा सगळ्या देशाला झाला.

आता कायद्याचे आकडे पाहू. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात सकाळी सहा ते रात्री दहा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. ती १० डेसिबल किंवा त्याहून जास्त ओलांडली गेली, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला, की रीतसर तक्रार करता येते. दहा म्हणजे किरकोळ वाटतं, पण डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो. दहाने वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते चांगल्या झोपेसाठी शयनगृहात सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा. आपली गल्ली आणि हा आकडा यांची गाठ क्वचितच पडते.

याचा अर्थ नीट समजून घ्या. रात्री ४५ ते ५५ च्या मधल्या पट्ट्यात झोप मोडते, पण तक्रारीची पायरी अजून वर असते. तो पट्टा पोलिसांचा नाही, तो शेजाऱ्यांचा आहे. तिथे चालतो तो शब्द, समजूत आणि डोळ्यांतली लाज. आपण नेमकं तेच मैदान सोडून दिलं आहे.

‘यंत्र कंपनीने पास केलेलं आहे, आमचा काय दोष?’ हा बचाव सगळ्यांच्या तोंडी असतो. सरकारने कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या घरगुती यंत्रांना आवाजाची मर्यादा घातली आहे, हे खरं. एक ते दीड टनाच्या विंडो एसीला ६८ डेसिबल, एअर कूलरला ६०, फ्रिजला ४६. म्हणजे कायद्यात बसणारा कूलरसुद्धा रात्रीच्या ४५ च्या मर्यादेपेक्षा बराच गोंगाट करू शकतो. हा गोंगाट शेजाऱ्याच्या उशाशी पोचेपर्यंत किती उरेल, हे तुम्ही कूलर कुठे ठेवता आणि त्याचं तोंड कुणीकडे करता त्यावर ठरतं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. कंपनीची जबाबदारी दुकानाच्या पायरीशी संपते, त्यापुढची आपली.

म्हणून पहिली हाक स्वतःलाच. पार्किंगमध्ये उतरा आणि आपली मोटर चालू असताना तिच्याशेजारी दोन मिनिटं उभे राहा. दिल्लीत जिला सगळे टुल्लू म्हणतात, ती लहान मोटर बहुतेकदा विटांच्या तुकड्यांवर टेकवलेली असते. फाउंडेशनचे बोल्ट ढिले, बेअरिंग झिजलेलं, पाइप थेट भिंतीत घट्ट आवळलेला. पाणी नसताना मोटर कोरडी फिरते तेव्हा तिचा सूर चढतो आणि तो कंप पाइपातून चार मजले चढून जातो. झोपलेल्या माणसाला वाटतं, भिंतच गुणगुणते आहे. उपाय अगदी हाताशी आहेत. मोटरखाली जाड रबराचा तुकडा घाला, लोखंडी पाइपाच्या जोडाला हातभर लवचिक नळी लावा, पाइपाच्या क्लॅम्पमध्ये रबर घाला, बेअरिंग बदला आणि टाकी भरली की आपोआप बंद होणारा फ्लोट स्विच बसवा. जल बोर्डाच्या वाहिनीतून मोटरने थेट पाणी ओढायला मनाई आहे, तेव्हा ती चूकही याच फेरीत दुरुस्त होईल.

एसीच्या ब्रॅकेटखाली, वॉशिंग मशिनच्या पायांखाली असंच रबर. मिक्सर सामाईक भिंतीला लागून असलेल्या ओट्यावर ठेवू नका. आणि मराठी घरांत भाजणीसाठी अभिमानाने मिरवणारी घरघंटी रविवारी सकाळी सातला लावू नका. थालीपीठ दुपारीही खमंग लागतं.

‘पण आमच्या घरात तर आवाज येत नाही!’ कसा येईल? आउटडोअर युनिट तुमच्या घराच्या बाहेर आहे आणि शेजाऱ्याच्या खिडकीला लागून आहे. तुम्हाला गार हवा मिळते, त्याला घरघर. तेव्हा शेजारी तक्रार घेऊन आला तर वॉरंटी कार्ड काढू नका. त्याला म्हणा, ‘चलिए अंकलजी, आपके कमरे में बैठकर सुनते हैं.’ आपलं यंत्र चालू ठेवून त्याच्या खोलीत पाच मिनिटं बसा. निम्मी भांडणं तिथेच मिटतील. उरलेल्या निम्म्यांत निदान दोघांनाही एकच गोष्ट ऐकू आलेली असेल.

आता जनरेटर. २००२ च्या नियमांनुसार १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला ध्वनिरोधक कॅनोपी हवी आणि तिच्यापासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत हवा. कागदावर बहुतेक सोसायट्या यात बसतात. रात्री जाऊन पाहा. कॅनोपीची दारं सताड उघडी असतात, कारण आत यंत्र तापतं. तापतं, कारण हवा खेळण्याच्या जाळ्या धुळीने बुजल्या आहेत. आतला फोम कुजून लोंबतो आहे. दार उघडं म्हणजे कॅनोपी नसल्यातच जमा. तिथल्या ऑपरेटरवर ओरडू नका. जाळी साफ करण्याचं आणि फोम बदलण्याचं बिल मंजूर करणारे लोक वर, आपल्याच मीटिंगमध्ये बसलेले असतात. धुराड्याची उंचीही मोजा. १०० केव्हीएच्या जनरेटरचं धुराडं इमारतीच्या माथ्यापेक्षा दोन मीटर वर असायला हवं. १ ऑक्टोबर २०२३ पासून एनसीआरमध्ये जनरेटरच्या धुरावर हवा गुणवत्ता आयोगाचे कडक नियम लागू आहेत. त्यांची पूर्तता झाली का, हे विचारण्याचा हक्क मेंटेनन्स भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.

आणि दुसऱ्याच्या यंत्राबद्दल बोलायची वेळ आली तर? मध्यरात्री जाऊ नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा, एकटे जा, जमाव नेऊ नका. ‘तुम्ही नेहमीच...’ असं म्हणू नका. तारीख, वेळ आणि कोणत्या खोलीत ऐकू येतं ते सांगा. त्यासाठी आठवडाभर वहीत नोंद ठेवा. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपचा आकडा पुरावा म्हणून टिकणार नाही, पण अंदाजासाठी पुरे. मागणीही नेमकी ठेवा. ‘आवाज बंद करा’ ऐवजी ‘युनिटखाली रबर घालू या, खर्च अर्धा-अर्धा’ असं म्हणा. चार दिवसांनी एक विनम्र लेखी निरोप पाठवा. व्हॉट्सॲपच्या सोसायटी ग्रुपवर मात्र हे काढू नका. तिथे माणूस यंत्र दुरुस्त करत नाही, स्वतःची इभ्रत वाचवत बसतो.

तरीही कुणी जुमानलं नाही तर कायद्याचं दार ठोठावायला लाजू नका. पोलिसांसाठी ११२ सगळीकडे एकच. प्रदूषण मंडळ मात्र सीमेबरोबर बदलतं. दिल्लीत डीपीसीसी, नोएडा-गाझियाबादमध्ये उत्तर प्रदेशचं मंडळ, गुरुग्राम-फरिदाबादमध्ये हरियाणाचं. डीपीसीसीने २०२१ मध्ये दंड वाढवले, तेव्हा जनरेटरसाठी क्षमतेनुसार १०,००० रुपयांपासून एक लाखापर्यंत दंड ठरला. बांधकामाची आवाज करणारी यंत्रं निवासी भागात रात्री चालवायला नियमानेच बंदी आहे, आणि ती मोडणाऱ्याला दिल्लीत ५०,००० रुपये दंड होऊन वर यंत्रही जप्त होऊ शकतं. फटाके फोडणाऱ्या बुलेटसाठी मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि लायसन्सही जाऊ शकतं. शेजाऱ्याला पहिल्या दिवशी यातलं काही ऐकवू नका, पण आपल्याला ते माहीत असू द्या. हक्क ठाऊक असलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही.

एकट्याने हे पेलत नाही, हे मान्य. पण महाराष्ट्राने यावर एक वाट दाखवून ठेवली आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधावरचे, पाण्यावरचे तंटे कोर्टाच्या पायऱ्या चढण्याआधी गावातच मिटवण्यासाठी गावोगाव समित्या बसल्या. आपला बिल्डर फ्लोर, आपला टॉवर हे गावापेक्षा वेगळं काय आहे? बांधाच्या जागी सामाईक भिंत आहे, एवढंच. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यानेही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीची कल्पना मान्य केली आहे. तेव्हा प्रत्येक आरडब्ल्यूएत, प्रत्येक सोसायटीत तीन-चार जणांची तंटामुक्ती समिती नेमा. तीत एक ज्येष्ठ, एक बाई, एक भाडेकरू आणि शक्य तर यंत्रातलं कळणारा एक माणूस असू द्या. भाडेकरू हवाच, कारण ‘किराएदार हो, एडजस्ट करो’ हे वाक्य सर्वांत जास्त त्यालाच ऐकावं लागतं.

हे काम मराठी माणसाने अंगावर घ्यावं, याला आधार आहे. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी गोंगाटाविरुद्ध दशकानुदशकं झुंज दिली. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या निकालाने महाराष्ट्राच्या पोलिसांना आणि पालिकांना जबाबदारीची जाणीव करून दिली. ही माणसं गणपतीच्या मांडवालाही तोच नियम लावत होती आणि त्यासाठी आपल्याच लोकांचा रोष पत्करत होती. तीच कसोटी आपल्यालाही लागू. शेजाऱ्याच्या जागरणाच्या भोंग्यावर बोट ठेवणाऱ्याने दिल्लीतल्या आपल्या गणेशोत्सवाचे ढोल-ताशे आधी दहाच्या आत आवरावेत. मगच आपल्या शब्दाला वजन येईल.

तेव्हा उठा! या रविवारी मोटरखाली रबर घाला. सोमवारी समोरच्या घराची बेल वाजवून विचारा, ‘हमारी मशीन से आपको तकलीफ़ तो नहीं होती?’ पुढच्या मीटिंगमध्ये जनरेटरच्या कॅनोपीचा विषय अजेंड्यावर घ्यायला लावा आणि समितीसाठी स्वतःचं नाव द्या. कुणी म्हणेल, दिल्ली अशीच आहे, बदलणार नाही. त्याला सांगा, दिल्ली बदलायला आम्ही निघालेलो नाही. आमच्या जिन्यातले आठ फ्लॅट बदलायला निघालो आहोत, आणि त्यातला पहिला आमचा आहे.