लस सर्वांच्या हितासाठी. इजेचा भार कोणी वाहावा?

नाशिक जिल्ह्यातील एका दंतवैद्यक महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या तरुण महिला डॉक्टरने २८ जानेवारी २०२१ रोजी कोरोनाप्रतिबंधक लस घेतली. १ मार्च रोजी तिचे निधन झाले. हा मृत्यू लसीच्या दुष्परिणामामुळे ओढवला, असे सांगून तिच्या वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात १,००० कोटी रुपयांच्या भरपाईची याचिका दाखल केली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने सरकार व लस उत्पादक कंपनी यांना नोटिसा बजावल्या.

अशा मोठ्या दुःखाची वार्ता सर्वत्र पोहोचते. परंतु लहान इजेकडे कोणाचेच लक्ष जात नाही. दंडाच्या स्नायूत द्यावयाची सुई फार वर, खांद्याच्या सांध्यालगत टोचली गेल्यास तेथे सूज येते आणि हात वर उचलणे कठीण होते. हा दोष लसीचा नसून टोचण्याच्या पद्धतीचा होय. दिंडोरी-निफाड भागातील द्राक्षबागेत दिवसभर हात वर करून छाटणी करणाऱ्या मजुराचा खांदा जायबंदी होणे म्हणजे त्याची रोजीरोटीच बुडणे होय.

अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून अशा इजांसाठी स्वतंत्र भरपाई योजना उभारली. लसीच्या प्रत्येक मात्रेवर, ती ज्या रोगांपासून संरक्षण देते त्या प्रत्येक रोगामागे, ७५ सेंट कर आकारून तिचा निधी जमविला जातो. २०१७ मध्ये खांद्याची इजा तिच्या यादीत आली. लस टोचल्यापासून ४८ तासांच्या आत वेदना सुरू झाल्या आणि इतर अटी पूर्ण झाल्या, तर कोणाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. (कोरोना लसींसाठी तेथे वेगळी योजना ठेवण्यात आली.)

आपल्याकडे मात्र नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, कोरोना लसीच्या दुष्परिणामांसाठी शासनाला जबाबदार धरता येणार नाही. पीडितांनी दिवाणी न्यायालयात जावे. पैसे मोजून खासगी रुग्णालयात लस घेतलेल्यांना ग्राहक आयोगाचा मार्ग आहे व त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. परंतु जेथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते, ती रुग्णालये १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणजे शासकीय केंद्रात लस घेणाऱ्या गरिबालाच अधिक खडतर वाट चालावी लागते. ती किती लांब असते? औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये झालेल्या एका शस्त्रक्रियेतील निष्काळजीपणाबद्दल राज्य शासनाला जबाबदार धरणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९९६ मध्ये आला!

म्हणून लसीकरणानंतर खांद्याचे दुखणे काही दिवसांत न ओसरल्यास विलंब न करता आरोग्य केंद्रात लेखी नोंद करावी. लसीकरणाचे प्रमाणपत्र, डॉक्टरांची टिपणे व तपासणीचे अहवाल जपून ठेवावेत. भरपाई मागणे म्हणजे लसीला विरोध करणे नव्हे. २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त घोषित झाला, तो लसीकरणामुळेच.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये लस घेणे ही प्रेमाची कृती असल्याचे म्हटले होते. सर्वांच्या हितासाठी ज्याने दंड पुढे केला, त्याच्या इजेचा भार समाजानेही उचलावा. ती दया नसून न्याय होय.