पडत्या भावाचं गिऱ्हाईक

शहर बसलं की गिऱ्हाईक उठतं. गिरणीचा भोंगा गप झाला, दुकानदारानं फळ्या लावल्या, भाडेकरू बोचकं बांधून गावाकडं निघाला, की लांबच्या शहरातला कुणीतरी नकाशावर बोट ठेवतो. म्हणतो, हितं जागा घेऊन टाका. आज मातीमोल हाय, उद्या सोनं होईल. त्याला तिथं राहायचं नसतं. तिथल्या नळाला पाणी येतं का, शाळेत मास्तर येतो का, त्याचं ह्याला काय देणंघेणं? ह्या धंद्याला ते गुंतवणूक म्हणतात.

माझा सवाल साधा हाय. भाव पडला, तो कुणाच्या पाठीवर पडला? आन चढला, तवा कुणाच्या खिशात चढला?

गिरणगावचाच हिशेब मांडू. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगार संपावर गेले. तो संप मागं घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही. कामगार मोडला, त्याची बायको खानावळीत भाकऱ्या थापून थकली. जमीन मात्र जागच्या जागी पडून राहिली, भाव येण्याची वाट बघत.

1991 साली नियम झाला. गिरणीची जागा विकायची तर तिचे तीन वाटे करायचे. एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. 2001 साली त्याच नियमाला भोक पाडलं. तीन वाटे फक्त मोकळ्या पडलेल्या जागेचे. जिथं शेड उभी हाय ती पाडली तरी तिची जागा वाट्यात धरायची नाही. आता गिरणीत मोकळं असतं किती? सगळी शेडच की! उच्च न्यायालयानं 2005 ला ह्याला अडवलं, सर्वोच्च न्यायालयानं 7 मार्च 2006 ला वाट मोकळी करून दिली.

त्याच 2005 साली सरकारी गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. ज्युपिटर 276 कोटी. कोहिनूर 421 कोटी. मुंबई टेक्सटाइल 702 कोटी. दोस्तांनो, हे आकडे मोठ्यानं वाचा आन मग आपल्या बापाच्या पगाराची चिठ्ठी बघा.

आता ‘बाहेरचा’ ह्या शब्दाकडं येतो. मुंबईत हा शब्द लई स्वस्त हाय. टॅक्सीवाल्याला, भेळवाल्याला, झोपडीतल्याला तो फेकून मारतात. पण ज्यानं कोटींची बोली लावली त्याला कुणी विचारलं, बाबा तू कुठला? आन कोहिनूर घेणाऱ्यांत तर मराठी माणसाच्या नावानं राजकारण करणाऱ्या घरांतली पोरं होती. ती कुठं बाहेरची होती? तवा भांडण भाषेचं नाही, मुलखाचंही नाही.

बाहेरचे आम्हीच होतो. परांडा-भूमकडच्या माणसाला दुष्काळानं बार्शी, सोलापूर, मुंबई दाखवली. पण आम्ही शहरात हात विकायला गेलो, शहर विकत घ्यायला नाही. हा फरक हाय. आन गावात तरी आम्ही कुठं आत होतो? सोनारीत काळभैरवनाथाच्या चैत्री जत्रेला मुलूख लोटतो, तरी गावागावांत आमची वस्ती गावकुसाच्या बाहेरच.

गिरणीतही तेच. मी सूतगिरणीत साच्यावर राबतो, म्हणून हे मला आतून कळतं. जुन्या गिरण्यांत विणाईखात्यात पगार जादा होता. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून अस्पृश्याला तिथं दार बंद. त्याची थुंकी बाटवील म्हणून! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल लावून धरला. जादा पगाराला आम्ही बाहेर, गिरणी बुडाली तवा मात्र सगळ्यांबरोबर आत.

कुणी शहाणा म्हणेल, पैसा आला तर शहर उठंल. उठलं की! परळ-लालबागला टॉवर उठले. पण उठलं ते शहर, का नुसती जागा? घरासाठी दीड लाखावर कामगार-वारसांचे अर्ज, आन 2012 च्या पहिल्या सोडतीत घरं निघाली 6,925. आता म्हणतात, शेलूला जा, वांगणीला जा. म्हणजे ज्यानं शहर उभं केलं तो बाहेर, आन भाव बघून आला तो आत.

हे मुंबईपुरतं नाही. बार्शीची सरकारी गिरणी मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबली. बंद गिरणीच्या भिंतीला भोकं पाडून आत बघणारे डोळे सगळीकडं सारखेच असतात.

दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आन 1964 ला भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले ते ह्याच जमिनीसाठी. गायरान कसून पोट भरणाऱ्याला आजही अतिक्रमणवाला म्हणतात. त्याच्या अंगाला माती असती, हा त्याचा गुन्हा. कागदावर जागा घेऊन दहा वर्षं कुलूप लावून ठेवणारा मात्र इज्जतदार.

म्हणून मागणं रोखठोक हाय. बंद गिरणीची जागा विकण्याआधी कामगाराचा वाटा कागदावर यायला पाहिजे. त्याचं घर त्याच जागेवर पाहिजे. गायरान कसणाऱ्याच्या नावचा सातबारा पाहिजे. मग या खुशाल, कुठूनही या, राहायला या, राबायला या. आमची चूल इझवून तिच्या राखेचा भाव करायला येऊ नका. त्या राखंखाली अजून इस्तू हाय.

जय भीम.

— सोनारी, ता. परांडा