मालक बदलला म्हणून शब्द फिरवता येणार नाही!



सोसायटीची नोटीस, शाळेचा गृहपाठ, पाणी कधी येणार याची खबर, भावकीतलं लग्न... सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. हे पत्रकही त्यावरूनच फिरेल, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ते व्हॉट्सअ‍ॅप विकलं गेलं तेव्हा आपल्याला कोणी विचारलं होतं?

१९ फेब्रुवारी २०१४ रोजी फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं. कंपनीत माणसं ५५, वापरणारे ४५ कोटी. भागाकार करा: डोईमागे सुमारे ४२ डॉलर. भाव आपला लागला, पैसे मालकांना मिळाले. मिळोत, उभं त्यांनी केलं होतं. आमचं भांडण शब्दाशी आहे. वापरणाऱ्यांसाठी काहीही बदलणार नाही, जाहिराती मध्ये येणार नाहीत, असं संस्थापक जान कूम यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं.

ऑगस्ट २०१६ मध्ये आपले फोन नंबर फेसबुकला देण्याचं धोरण आलं. नकार द्यायला मुदत ३० दिवस. आणि गंमत पाहा. दोन्हीकडची खाती आपोआप जुळवणं भरवशाने जमणार नाही, असं फेसबुकने खरेदीच्या वेळी युरोपीय आयोगाला सांगितलं होतं. ते २०१४ मध्येच शक्य होतं आणि कर्मचाऱ्यांना माहीतही होतं, असा निष्कर्ष आयोगाने काढला. मे २०१७ मध्ये दंड झाला, ११ कोटी युरो. सौदा मात्र कायम! जानेवारी २०२१ च्या धोरणात आपल्याकडे नकाराची सोयच उरली नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. दोन्ही संस्थापक तोवर केव्हाच बाहेर पडले होते. जून २०२५ मध्ये ‘अपडेट्स’ टॅबवर जाहिराती आणत असल्याचंही कंपनीने जाहीर केलं.

‘मेसेज तर कोणी वाचत नाही, मग ओरड कशाला?’ मेसेजला कुलूप आहे, हे खरं. पण कोण कोणाशी आणि कधी बोलतं, हे त्या कुलपाबाहेर राहतं. जाहिरातवाल्याला तेवढं पुष्कळ झालं.

महाराष्ट्रात जमीन विकली म्हणून कुळाचा हक्क संपत नाही. १९४८ च्या कूळ कायद्याने नव्या मालकालाही बांधून ठेवलं. तोच न्याय इथे लावा. जुन्या मालकाने लोकांना दिलेली हमी खरेदीदारावर बंधनकारक हवी आणि ती बदलायची तर नकार देणाऱ्याची सेवा चालू राहिली पाहिजे. १० सप्टेंबर २०२४ पासून, भारतात पुरेसा व्यवसाय असलेल्या कंपनीचा २,००० कोटींवरचा सौदा स्पर्धा आयोगाच्या मंजुरीशिवाय होत नाही. मग अशा मंजुरीतच ही अट घाला! दंड भरणं या कंपन्यांना परवडतं, अटीने मात्र हात बांधले जातात.

कायदा होईल तेव्हा होईल. आपल्या हातातलं आज करू. शाळा, ग्रामपंचायत, महापालिका यांची एकही सूचना फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर निघता कामा नये. ती फलकावर लागावी, साध्या एसएमएसनेही यावी. येत्या ग्रामसभेत, पालकसभेत, सोसायटीच्या वार्षिक सभेत हा ठराव मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.